लाइट आल्यावर आधी कोण?

शेतातल्या पंपाच्या स्टार्टरला एक छोटी डबी जोडलेली असते. दुकानात तिला ऑटो स्विच म्हणतात, शेतात नुसतंच ‘ऑटो’. तिचं काम एवढंच, की गेलेली लाइट परत आली की माणसाची वाट न बघता मोटार चालू करायची. थ्री फेज लाइट पाळीनं येते, बऱ्याचदा रात्रीची येते. अंधारात विहिरीपर्यंत जायचं म्हणजे साप, विंचू, चिखल आणि ओली पेटी. तेव्हा ऑटो बसवणाऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्यांनीच तो बसवला तर काय होतं, ते मांडून बघावं. ६३ केव्हीएची डीपी एका फेजला साधारण ८५ अँपिअर देऊ शकते. पाच एचपीची मोटार चालताना सातएक अँपिअर घेते, म्हणजे दहा मोटारी त्या डीपीवर बसतात. मात्र थांबलेली मोटार उठताना चालत्या मोटारीच्या पाच-सहा पट करंट ओढते. दहाच्या दहा एकाच क्षणी उठल्या, तर ८५ अँपिअरच्या डीपीकडे साडेतीनशे-चारशे अँपिअरची मागणी येते. मग फ्यूज उडतो, नाहीतर डीपी जळते, आणि ती बदलून मिळेपर्यंत दहाही जणांचा हरभरा वाळत बसतो. रब्बीच्या हंगामात महावितरण ऑटो काढा, कपॅसिटर बसवा असं सांगत असते ते याचसाठी. प्रत्येकाचा ऑटो त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो. नुकसान होतं ते सगळ्यांच्या ऑटोंच्या बेरजेनं.

खिशातल्या मोबाइलमध्ये हीच डबी प्रत्येक अ‍ॅपला जोडलेली असू शकते. फोन बंद पडून पुन्हा चालू झाला की अँड्रॉइड आतल्या आत एक दवंडी पिटतं. तिचं नाव ‘बूट कम्प्लीटेड’. ज्या अ‍ॅपने आधीच नाव नोंदवून ठेवलेलं असतं ते ही दवंडी ऐकून जागं होतं, आणि पडद्यावर काहीही न दाखवता आपली सेवा सुरू करतं. यात गैर काही नाही, पुष्कळदा ते गरजेचंच असतं. लावलेले गजर फोन बंद होताच पुसले जातात, त्यामुळे औषधाच्या वेळेची आठवण देणारं अ‍ॅप बूटनंतर स्वतः उठून गजर परत लावत नसेल, तर रात्री बॅटरी उतरलेल्या फोनवर सकाळची गोळी चुकते. खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. कॅमेरा वापरायला अ‍ॅप तुम्हाला विचारतं, माइकसाठी विचारतं, ठिकाणासाठी विचारतं. फोन चालू होताच आपोआप उठण्याची परवानगी मात्र अँड्रॉइडने ‘साध्या’ परवानग्यांत टाकलेली आहे. ती अ‍ॅप बसवतानाच मिळून जाते, मालकाला विचारण्याची पद्धत नाही. आपल्या पेटीत कोण ऑटो बसवून गेलं ते शेतकऱ्याला कळूच नये, असा हा प्रकार.

माझं म्हणणं असं आहे, की फोन चालू होताच आपोआप उठण्याचा हक्क हा एका तोकड्या, सामाईक साठ्यातला वाटा आहे. आज तो वाटा अ‍ॅपच्या मोठेपणावर मिळतो. तो निकडीवर मिळायला हवा, आणि निकड कोणाची हे ठरवणारा हात फोन ज्याच्या खिशात आहे त्याचाच असायला हवा.

गूगलने हा साठा राखायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. गेली पंधराएक वर्षं ती कंपनी या बाबतीत महावितरणचंच काम करते आहे. २०११ मध्ये नियम आला, की जे अ‍ॅप बसवल्यानंतर एकदाही उघडलेलं नाही, किंवा मालकाने सेटिंगमध्ये जाऊन सक्तीनं थांबवलेलं आहे, त्याला ही दवंडी ऐकू जाणार नाही. २०१५ मध्ये, नुसता पडून असलेला फोन गाढ झोपेत जाऊ लागला. २०१७ च्या आठव्या आवृत्तीने तर पडद्यामागच्या सेवांचं कंबरडंच मोडलं. चालू राहायचं असेल तर वरच्या पट्टीत सूचना दाखवून, मालकाच्या नजरेसमोर चालू राहा, आणि ती सूचना पाच सेकंदांत दिसली पाहिजे, नाहीतर अ‍ॅप पाडलं जाईल. २०२४ च्या पंधराव्या आवृत्तीने आणखी गाळण केली. माइक, कॅमेरा, गाणी वाजवणं किंवा माहितीची देवघेव यांसाठीची सेवा आता बूटची दवंडी ऐकून सुरूच करता येत नाही. दिशा बरोबर आहे. एवढ्या वर्षांत ‘बूट कम्प्लीटेड’ मात्र पूर्ण बंद झालेलं नाही. बाकीच्या बऱ्याच दवंड्यांचे कान कापले गेले, ही सूट म्हणून शिल्लक राहिली, कारण ती काढली की गजर मरतात.

अडचण पुढची आहे. नांदेडच्या किंवा लातूरच्या मोबाइलच्या दुकानात जे फोन सर्वांत जास्त खपतात, त्यांत गूगलच्या नियमांवर फोन बनवणाऱ्या कंपनीचे नियम चढवलेले असतात. शाओमीच्या फोनमध्ये ऑटोस्टार्ट नावाची वेगळी यादीच असते. सेटिंग्ज, मग अ‍ॅप्स, मग परमिशन्स, आणि त्याच्या पोटात ऑटोस्टार्ट. इतर कंपन्यांतही वेगळ्या नावाने, वेगळ्या खोबणीत असंच काहीतरी असतं. या यादीत बहुतेक नव्या अ‍ॅपांचं बटण मुळातच बंद असतं. म्हणजे अँड्रॉइडने दिलेला हक्क फोन कंपनीने दारातच काढून घेतलेला असतो. काही मोजक्या, कोट्यवधी लोकांच्या हातात असलेल्या अ‍ॅपांना मात्र कारखान्यातूनच सूट मिळून येते. कारण उघड आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप उशिरा आला तर गिऱ्हाईक फोनलाच शिव्या देणार, आणि पुढचा फोन दुसऱ्या कंपनीचा घेणार. छोट्या अ‍ॅपचा इशारा आलाच नाही तर गिऱ्हाइकाला कळतच नाही की काही यायचं होतं. न आलेल्या गोष्टीची तक्रार कोण करणार? कालव्यावर हे दृश्य जुनं आहे. वरच्या अंगाला ज्याचं रान आहे त्याला पाळी चुकत नाही, टेलच्या माणसाला मात्र पाणी कधी सुटलं आणि कधी बंद झालं हे ऐकूनच माहीत होतं.

या टेलला कोणकोणती अ‍ॅपं बसतात ते पाहिलं की प्रश्न नुसत्या बॅटरीचा राहत नाही. मराठवाड्यात एप्रिल-मेच्या अवकाळीत, जूनच्या पेरणीच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. बहुतेक वेळा झाडाखाली, बांधावर, उघड्या रानात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने यासाठी ‘दामिनी’ हे अ‍ॅप बनवलं. आपण उभे आहोत त्याच्या आसपास, २० ते ४० किलोमीटरच्या घेरात विजा होत असतील तर ते सावध करतं. जिल्हा प्रशासन दर पावसाळ्याच्या तोंडावर ते डाउनलोड करायला सांगतं, तलाठी-ग्रामसेवकांपासून खाली निरोप जातो. आता एक साधी साखळी बघा. दुपारी लाइट गेली, जुन्या फोनची उरलीसुरली बॅटरी उतरली, फोन बंद पडला. संध्याकाळी घरी चार्जिंगला लावून चालू केला. दुसऱ्या दिवशी तो खिशात घालून माणूस सोयाबीन काढायला गेला. बूटनंतर व्हॉट्सअ‍ॅप उठलं, व्हिडिओचं अ‍ॅप उठलं, फोन कंपनीचं जाहिराती दाखवणारं दुकानही उठलं. असं इशाऱ्याचं अ‍ॅप ऑटोस्टार्टच्या यादीत बंद असेल, तर ते कोणी बोट लावून उघडेपर्यंत झोपलेलं राहू शकतं. त्याचं चित्र पडद्यावर जागच्या जागी दिसतंय, त्यामुळे इशारा येणारच असा भरवसाही जागच्या जागी आहे. ज्याच्याकडे अ‍ॅपच नाही तो निदान आभाळाकडे बघतो.

यावर जाणकार लगेच म्हणतील, की इशाऱ्यासाठी अ‍ॅपला जागं राहायची गरजच काय? सर्व्हरवरून निरोप सुटतो, गूगलची सेवा तो झेलते आणि त्या क्षणापुरतं अ‍ॅपला उठवते. आयफोनवर तर कोणत्याही अ‍ॅपला बूट होताच आपोआप उठायची मुभाच नाही, तरी तिथे निरोप पोचतातच. हे बरोबर आहे, आणि ज्या अ‍ॅपांचं यावर भागतं त्यांनी ऑटोची डबी मागूच नये. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेलं ई-पीक पाहणीचं अ‍ॅप घ्या. हंगामात एकदा-दोनदा बांधावर जाऊन उघडायचं, पिकाचा फोटो काढायचा, माहिती पाठवायची. त्याला फोन सुरू होताच उठण्याचं काही कारण नाही. बँकेचं, वर्तमानपत्राचं, दुकानाचं अ‍ॅप, यांनाही नाही. पण हा युक्तिवाद दोन ठिकाणी अडतो. एक तर, ज्या फोनांवर अलीकडच्या अ‍ॅपांच्या यादीतून अ‍ॅप बोटाने बाजूला सारलं की ते सक्तीनं थांबवल्यासारखं धरलं जातं, तिथे बाहेरून आलेला निरोपही त्याला उठवू शकत नाही. दुसरं असं, की विजेचा इशारा गावाच्या नावाने देऊन भागत नाही, माणूस आत्ता कुठे आहे हे कळावं लागतं, आणि ते बाहेरून कळत नाही, फोनलाच सांगावं लागतं. घर मुखेडला, रान चार कोस लांब, आणि बैलबाजारासाठी आज माणूस तिसऱ्याच ठिकाणी. अशा वेळी थोडं का होईना जागं राहणारं काहीतरी खिशात असावं लागतं.

आणि तसं जागं राहणारं एक तर जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहेच. ते गूगलचं स्वतःचं आहे, आणि ते भूकंपाचा इशारा देतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालेलं, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली गाढ झोपलेली. किल्लारीच्या त्या भूकंपाने सुमारे दहा हजार माणसं नेली. त्याला ३० वर्षं पूर्ण होत असतानाच, २७ सप्टेंबर २०२३ रोजी, गूगलने भारतात अँड्रॉइडचे भूकंप-इशारे सुरू झाल्याचं जाहीर केलं. त्याची रीत लक्ष देण्यासारखी आहे. चार्जरला लावलेला, न हलणारा फोन स्वतःच एक लहानसं भूकंपमापक होतो. जमिनीची पहिली, वेगानं पळणारी पण कमी घातक लाट त्याला जाणवली की तो खबर पाठवतो. अशा खबरा एका भागातून एकदम आल्या, तर मागून येणारी मोठी लाट पोचण्याआधी लांबच्या फोनांवर इशारा झळकतो. प्रत्यक्ष किल्लारीला याचा उपयोग झाला नसता, कारण हादऱ्याचं मूळ पायाखालीच होतं. चाळीसएक किलोमीटरवरच्या लातूरला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे सेकंद मिळाले असते, नांदेडला त्याहून थोडे जास्त. ते सेकंद तुच्छ नाहीत. २०२४ मध्ये मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात साडेचार क्षमतेचे धक्के बसले आणि नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. जमीन विसरलेली नाही हे तेव्हा पुन्हा कळलं.

भूकंपाच्या इशाऱ्याचं हे काम ज्या सेवेच्या जोरावर चालतं ती गूगल प्ले सर्व्हिसेस फोन चालू होताच उठते आणि गाढ झोपेच्या नियमांतून वेगळी राहते. मालकाने तिचं बटण दाबलेलं नसतं, तिला विचारावंही लागत नाही. मी हे गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. अशा कामासाठी कोणीतरी जागं राहायलाच हवं. पण यातून दोन गोष्टी सिद्ध होतात. निकडीच्या कामासाठी आपोआप उठणारी सेवा फोनला परवडते, बॅटरी त्याने बुडत नाही. आणि नियम लिहिणाऱ्याने स्वतःचा ऑटो कायम ठेवून इतरांचे काढायला लावले आहेत. पुण्याच्या सरकारी संस्थेचं विजेचं अ‍ॅप आणि गूगलचं भूकंपाचं काम यांत निकडीच्या दृष्टीने काही फरक आहे का? मला तरी दिसत नाही. किंबहुना आपल्याकडे विजेचा इशारा दरवर्षी लागतो, भूकंपाचा पिढीत एखादवेळी.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप असा, की जिवाशी गाठ असलेला इशारा कोणत्याच अ‍ॅपच्या भरवशावर ठेवू नये. २०२३ मध्ये देशभर फोन कर्कश वाजले आणि पडद्यावर चाचणीचा संदेश आला, तो सेल ब्रॉडकास्ट होता. टॉवर आपल्या घेरातल्या सगळ्या फोनांना एकदम सांगतो, अ‍ॅप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, ऑटोस्टार्टचा प्रश्नच येत नाही. फोन चालू आहे आणि रेंज आहे एवढं पुरे. पूर, धरणाचा विसर्ग, चक्रीवादळ यांसाठी यापेक्षा चांगलं काही नाही. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडायचे असतील तर गोदाकाठच्या प्रत्येक फोनवर ते असंच वाजलं पाहिजे. पण विजेसाठी तोच भोंगा पुरेल असं वाटत नाही. पावसाळ्यात एखाद्या तालुक्यावर दिवसातून तीनदा ढग जमतो. प्रत्येक वेळी अख्ख्या तालुक्याचा फोन किंचाळला, तर पंधरा दिवसांत लोक तो बंद करायचं बटण शोधून काढतील, आणि मग धरणाचा इशाराही त्याच बटणाखाली दबेल. म्हणून दोन्ही लागतात. सगळ्यांसाठीचा भोंगा टॉवरकडे, आणि बांधावरच्या एकट्या माणसासाठीचा खिशात.

उरतो तो चोराचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. पीएम किसानच्या हप्त्याचं, वाहनाच्या दंडाचं, लग्नपत्रिकेचं नाव घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्या एपीके फाइली आता खेड्यापाड्यांत माहीत झाल्या आहेत. त्या बसवल्या की बँकेचे ओटीपी परस्पर दुसरीकडे जातात. अशा फाइलींना बूटची दवंडी हवीच असते, म्हणजे फोन बंद करून चालू केला तरी त्या उठून पुन्हा कामाला लागतात. आज आपण लोकांना दामिनीसाठी ऑटोस्टार्टचं बटण दाबायला शिकवलं, तर उद्या चोरही तेच शिकवेल, आणि शिकलेला हात सरावाने बटण दाबेल. हे खरं आहे. पण बटण लपवून ठेवल्याने चोर अडला आहे असं कुठे दिसतं? लपलेल्या यादीचा तोटा चोराला होत नाही, कारण तो फोनवर बोलत बोलत एकेक पायरी सांगतो. तोटा होतो मालकाला, कारण काय काय उठलं आहे हे त्याला दिसत नाही. डीपीवर कोणाकोणाचे ऑटो आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून निदान भांडण तरी करता येतं. फोनने चालू झाल्यावर एकच ओळ दाखवावी: आत्ता ही सात अ‍ॅपं आपोआप उठली. त्यात ओळख नसलेलं नाव दिसलं, किंवा लग्नपत्रिका उठलेली दिसली, तर संशय यायला शिक्षण लागत नाही. हे अशक्यही नाही. २०२२ च्या अँड्रॉइडपासून वरच्या पट्टीच्या तळाशी, पडद्यामागे चालू असलेल्या अ‍ॅपांची यादी आणि थांबवायचं बटण आलेलंच आहे. तीच गोष्ट बूटच्या क्षणाला आणायची आहे.

सामान्य माणसाला यातलं कळत नाही, तेव्हा कंपनीलाच ठरवू द्या, हा आक्षेप ऐकताना मात्र हसू येतं. ज्याला फेज गेलेली आवाजावरून कळते, कपॅसिटर कुठे जोडायचा हे कळतं, सिमकार्ड घातलेल्या स्टार्टरला घरून मिस्ड कॉल देऊन जो मोटार चालू करतो, त्याला ‘हे अ‍ॅप फोन चालू होताच उठू दे का?’ हा मराठीतला एका ओळीचा प्रश्न कळणार नाही? कळेल, पण तो कधी विचारलाच जात नाही. ऑटोची डबी पेटीत समोर असते, तिच्यावर चालू-बंदची कळ असते, आणि कारागिरांनी तिच्यात आता उशिराचा टायमरही घातला आहे. लाइट आल्यावर एकाची मोटार अर्ध्या मिनिटाने, दुसऱ्याची दोन मिनिटांनी, म्हणजे डीपीवर एकदम भार नाही. अँड्रॉइडमध्येही कामं अशी पाळीनं लावायची सोय बरीच वर्षं आहे. घाई नसलेल्या अ‍ॅपने ती वापरली तर दोन जीबी रॅमचा फोनही बूटनंतर गोठत नाही. महागड्या फोनवाल्याला हा फरक जाणवणार नाही. म्हणूनच या गोष्टीचा निर्णय त्याच्या फोनवर बघून होता कामा नये.

कंपन्या हा प्रश्न विचारायला लागेपर्यंत एक काम मात्र इथेच करता येण्यासारखं आहे. ग्रामसभेत किंवा पेरणीपूर्व बैठकीत कृषी सहाय्यक लोकांच्या फोनवर दामिनी टाकून देत असेल आणि यादीवर सही घेत असेल, तर त्याने दोन मिनिटं जास्त घ्यावीत. ऑटोस्टार्टचं बटण मालकाच्याच बोटाने दाबून घ्यावं, मग फोन बंद करून चालू करायला सांगावा, आणि अ‍ॅप न उघडता ते पडद्यामागे उठलं का हे वरची पट्टी आणि सेटिंग तपासून दोघांनी मिळून बघावं. उठलं तर सही. नाही उठलं, तर त्या फोनची कंपनी आणि मॉडेल यादीत शेजारच्या रकान्यात लिहावं. पन्नास गावांच्या याद्या तालुक्याला जमल्या, की कोणत्या फोनवर इशारा पोचत नाही हे कोणाला विचारत बसावं लागणार नाही.